उधारीच्या वहीत चिया

वेंगुर्ल्याच्या मासळी मार्केटच्या उतारावर माझं दुकान:
सुकी मिरची, गूळ, काथ्या, गळाची दोरी.
सब्जा मी वीस वर्षं विकतोय.
फालुदावाला शिरोडकर उन्हाळ्यात किलोनं नेतो.
चिया आली ती मागल्या शिमग्यानंतर,
कोल्हापूरच्या टेम्पोतून, तीन पाकिटं,
पाकिटावर कमरेला टेप गुंडाळून हसणारी एक बाई.

महिनाभर पडून होती.
मुंग्यासुद्धा फिरकल्या नाहीत.

मग भागीरथी केळुसकरीण आली,
रिकामी पाटी काखेला, हाताला तारल्यांचा वास.
कनवटीची चिठ्ठी काढून म्हणाली,
"वाच रे. डॉक्टरणीन ह्या काय लिवल्यान?"
रोज एक चमचा चिया, असं लिहिलं होतं.

मी कागदावर चिमूटभर ओतली.
राखाडी, वर काळ्या रेघा,
टिटवीची अंडी कुणी खसखशीएवढी करून ठेवावीत तशी.
शेजारी सब्जा टाकला, काळाभोर, एकरंगी.
"ह्यो आपलो," ती म्हणाली. "आणि ह्या कोण?"

पाकिटाच्या पाठीवर होतं तेवढं वाचलं,
उरलेलं भाच्यानं मोबाईलवर शोधून दिलं:
मेक्सिकोची. तिथल्या राजाला गावं सारा भरायची
तेव्हा मक्याच्या पोत्यांसोबत हिची पोती जायची.
मग समुद्रावरून गोरे आले. त्यांना गहू हवा होता.
हिची शेतं आक्रसत गेली,
डोंगरातल्या काही घरांनी मात्र
बी धरून ठेवलं.

त्याच काळातल्या गलबतांनी
मिरची उतरवली आपल्या किनाऱ्यावर,
पपई, पेरू, काजू, मागाहून चिकू.
आज मिरचीला परकी म्हणून बघा,
भागीरथी पाटी टाकून भांडायला उभी राहील.
हिलाच तेवढी कुणा तांडेलानं
शिडाखाली जागा दिली नाही.
चारपाचशे वर्षांचा उशीर,
आणि आली तीही टेम्पोतून.

"पण करता काय ती?"
चोथा असतो, म्हटलं, पोट साफ राहतं.
हाडांना कॅल्शियम, आपल्या नाचणीत असतं तसं.
आणि ओमेगा म्हणून एक तेल, काळजाला बरं.
"ता आणि खय मिळता?"
तुझ्याच पाटीत. तारल्यांत, बांगड्यांत.

ती इतकी हसली की पानवाला डोकावून गेला.
"म्हणजे जलमभर मी ओमेगा इकलंय,
आणि डोकी मांजराक घातलंय!"

तरी नेली. पावसाळ्याची बंदी पुढं होती,
होड्या झापांखाली गेल्या की तिच्या ताटात
सुकटीशिवाय काय असतं?
कोरडी तोंडात टाकू नकोस, घशात फुगेल, म्हणून बजावलं.
सब्जा पाच मिनिटांत फुगतो, निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखा.
ही अर्धा तास घेते,
मग प्रत्येक दाण्याभोवती गिळगिळीत पाण्याचा थेंब.
"बेडकाची अंडी गो बाय," म्हणत ती आंबिलीत ढवळायची.

साखर उतरली का? थोडी उतरली.
चियानं की रात्रीचा भात निम्मा केला म्हणून,
डॉक्टरीण छातीठोक सांगत नाही,
मी तर दुकानदार.

श्रावण सरताना तिनं मूठभर दाणे
अंगणात वृंदावनाच्या कडेला भिरकावले,
"बघूया, रुजता काय" म्हणत.
कार्तिकात मला निरोप आला, लगेच ये.

तुळशीच्या लग्नाची तयारी. ऊस उभा, चिंचा, आवळे,
नातू अंतरपाट धरून कंटाळलेला,
आणि तुळशीच्या खांद्याला खांदा लावून
निळसर जांभळे तुरे काढलेलं एक उंच झाड.
मी पान चुरडलं. वास तुळशीचा नव्हता.
पण तुऱ्याची ठेवण, देठाचे चार कोन...
मी काही बोलायच्या आतच तिनं ठरवून टाकलं:
"चुलत भैण असतली. करवली म्हणान रवांदे."
आणि तिच्यावरही चार अक्षता टाकल्या.

वहीत अजून आहे: केळुसकर, चिया, पाव किलो, बाकी.
मागितले तर पाटीवरचं ओलं फडकं उचलते,
दोन तारल्या कागदात गुंडाळते आणि म्हणते,
"ने. ओमेगा."